शब्दचर्चा: मिंधा, ओशाळा, आडत

जळगाव: डाळमिलसाठी कामगारांचे वर्तणूक नियम मराठीत लिहितोय. बाहेरून येणारे सल्लागार (वीजबचतवाले, करवाले, भरतीवाले) यांच्याशी वागताना काय टाळावं, असं एक कलम आहे. मसुद्यात 'हितसंबंधांचा संघर्ष' होतं, म्हणजे सल्ला आपल्याला द्यायचा आणि फायदा दुसरीकडून घ्यायचा. मुकादमाने विचारलं, "मारामारीबद्दल आहे का?" शेठ म्हणतात, 'मिंधेपणा' लिहा. चालेल?

चोपडा: मिंधा म्हणजे उपकाराखाली दबलेला. 'ओशाळा'ही चालतो, पण त्यात लाजेची छटा जास्त. मात्र तुमच्या कलमाला 'मिंधा' पुरत नाही. सल्लागार अमुकच कंपनीची विजेची मोटार घ्या म्हणतो आणि विक्रेत्याकडून टक्का घेतो, तेव्हा तो कुठे दबलेला असतो? चांगला ऐटीत असतो. मिंधा होतो तो तुमचा खरेदीवाला, दिवाळीचा डबा घेऊन. शिवाय 2022 नंतर राजकीय भाषणांनी या शब्दाची पार शिवी करून टाकली. नियमावलीत नकोच.

अमळनेर: बाजार समितीतला शब्द बघा: आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचं कमिशन. अडत्या मधला माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, हिशेबपट्टीवर आकडा लिहिलेला असतो. भांडण झालं ते आडत कोणाच्या खिशातून जावी यावरून. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हे राज्यात 2016 साली ठरलं. सल्लागाराबद्दलही आमच्याकडे पहिला प्रश्न हाच: "त्याले पैसा कोन देस?" तुमच्याकडून फी आणि विक्रेत्याकडून गुपचूप टक्का, याला आडत म्हणणं म्हणजे अडत्याचा अपमान. त्याला सरळ 'छुपी दलाली' म्हणा.

जळगाव: मग भरीत पार्टीचं काय? सल्लागार दर हिवाळ्यात सगळ्या स्टाफला मळ्यावर नेतो. वांगी वाळक्या काड्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची भाकरी. नाही कोण म्हणेल?

भुसावळ: आम्हा रेल्वेवाल्यांच्या 1966 च्या वर्तणूक नियमांत प्रसंगवशात जेवण किंवा गाडीतून सोडणं ही 'भेट' धरत नाहीत. पण ज्याच्याशी कामाचा संबंध आहे, त्याचा डामडौलाचा किंवा वारंवारचा पाहुणचार टाळावा, असं तिथेच म्हटलंय. एकदा भरीत खा. दर वर्षी, तेही त्याचं बिल मंजूर व्हायच्या आठवड्यात, नको.

जळगाव: असं लिहितो: "सल्लागाराला मिलच्या व्यवहारात इतर कोणाकडून पैसा किंवा लाभ मिळत असेल, तर त्याने तो आधी सांगावा."

चोपडा: 'आधी लेखी सांगावा' करा. तोंडी सांगितलेलं बिलाच्या वेळी कोणालाच आठवत नाही.