अनुभव धागा: स्त्रीवाद, शब्द आधी की मागणी आधी?

"समानता पाहिजे, पण मी स्त्रीवादी नाही" हे वाक्य सोलापुरात कॉलेजच्या कट्ट्यापासून विडी वस्तीपर्यंत ऐकू येतं. हा विषय लोकांसमोर मांडणाऱ्यांनी लिहावं. किस्से नकोत, काय केलं की जमतं आणि कुठं फसतं तेवढं सांगा.

विडी वस्तीत बैठका घेणारी:
पंधराच्या वर बायका नकोत. त्यापुढं दोघीतिघीच बोलतात, बाकीच्या माना डोलावतात. विड्या कारखान्यात देऊन आल्यावरची वेळ धरा आणि काम घेऊनच बसा म्हणून आधी निरोप द्या. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूपानं, तंबाखू, दोरा. डोक्यात हजार विड्यांचा हिशेब असलेल्या बाईचे हात थांबवून भाषण केलंत, तर पुढच्या खेपेला ती येणार नाही.

"स्त्रीवाद म्हणजे काय?" असं विचारून सुरुवात करू नका. मजुरी कुणाच्या हातात पडते? छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं नुकसान कोण सोसतं? घराच्या कागदावर नाव कुणाचं? तिसऱ्या प्रश्नाला शांतता पसरते. ती लगेच भरून काढू नका. शब्द शेवटी सांगायचा: "आत्ता बोललात ना, त्यालाच स्त्रीवाद म्हणतात." तेलुगू आणि कन्नडमध्येही शब्द तोच, म्हणून भाषा आडवी येत नाही. आडवे येतात दारात उभे राहिलेले पुरुष. त्यांची बैठक शेजारच्या ओट्यावर वेगळी लावा, नाहीतर त्यांच्याकडं बघून उत्तरं बदलतात.

कॉलेजात शिकवणारे:
हात वर करायला लावू नका, चिठ्ठ्या घ्या, नाव न लिहिता. पुढच्या बाजूला पाच विधानांवर हो-नाही: समान कामाला समान मजुरी, शेतीत मुलीचा वाटा, अशी. मागच्या बाजूला एकच: "मी स्त्रीवादी आहे." दोन्हींची बेरीज फळ्यावर शेजारी-शेजारी मांडा, मग वाद माणसांवरून विधानांवर येतो. "हे परदेशी खूळ" हा आक्षेप ठरलेला. तेव्हा ताराबाई शिंदे यांचं १८८२ सालचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक काढा. त्यांना मागाहून 'स्त्रीवादी' असा बिल्ला मात्र चिकटवू नका; तक्रार आधीची, शब्द नंतरचा.

वाटणीचे दावे बघणारे वकील:
९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलगी जन्मानं वाटेकरी. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही. घोळ होतो हक्कसोडपत्रात, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या नोंदणीकृत कागदात. "नुसती वारसाची सही आहे" म्हणून बहिणीला दुय्यम निबंधकाकडं नेतात. वारस नोंद तलाठ्याकडं होते, त्यासाठी निबंधकाकडं जावं लागत नाही. तिथं नेलं, तर सहीआधी कागद पूर्ण वाचून घ्या.

टॉवेल कारखान्यांत माहिती देणारी:
लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, अर्जाच्या सहा प्रती, साक्षीदारांची नावं सोबत. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. हे शेवटचं कुणी सांगत नाही.

बचत गटाची हिशेबनीस:
शब्द शेवटी ठेवणं मला पटत नाही. आपण गप्प बसलो की त्याचा अर्थ व्हॉट्सअ‍ॅपवाले लावतात, "नवऱ्याला धुणं धुवायला लावायचं" म्हणून. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाल्यापासून "आता आणखी कसला स्त्रीवाद?" हे वाढलंय. अशा वेळी भाषण नको, पासबुक मागवा. खातं तिचं, पण एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आणि पिन कुणाला पाठ, एवढं एकेकीला विचारा. कार्ड दुसऱ्याकडं असेल तर ते परत घेऊन दुसऱ्याच दिवशी एटीएमवर पिन बदलायची.