मायामीहून निघणाऱ्या क्रूझवर स्वतःची वाइन नेता येते का?

प्रश्न: आम्ही दोघे कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजाने बहामाला जाणार आहोत. आवडीची रेड वाइन आणि व्हिस्कीची एक बाटली सोबत नेल्यास चालेल का?

उत्तर १: व्हिस्की विसरा. २१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलिलिटरची, सील न फोडलेली वाइन किंवा शॅम्पेनची एकच बाटली नेता येते, तीही पहिल्या दिवशी आणि हातातल्या बॅगेतूनच.

उत्तर २: जेवणाच्या हॉलमध्ये ती उघडल्यास कॉर्केज शुल्क (स्वतः आणलेली बाटली उघडून देण्याचे शुल्क) लागते, केबिनमध्ये निवांत घेतलेली बरी.

उत्तर ३: बहामाची राजधानी नासाऊला घेतलेली रम जहाजावर परतताना जमा करून घेतात आणि प्रवास संपताना परत देतात. माउथवॉशच्या बाटलीत दारू भरून नेण्याचे सल्ले सर्रास दिले जातात, ते मात्र कृपया मनावर घेऊ नका.