मदत हवी आहे: स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीची बॅटरी घरीच बदलू का?

मंडळी, गाडी २०१९ची पेट्रोल हॅचबॅक, सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी. पंधरा दिवस झाले, सकाळी सेल्फ मारला की नुसती कुरकुरते. रात्रभर उभी ठेवून मल्टिमीटर लावला तर ११.९ व्होल्ट! पूर्ण चार्ज बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १४.२ येतात, म्हणून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर संशय नाही.

जुन्या गाडीची मी स्वतःच बदलायचो. १० नंबरचा पाना, सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना ती शेवटी, झालं. इथे मात्र निगेटिव्ह टर्मिनलवरच बॅटरीच्या चार्जवर नजर ठेवणारा एक छोटा सेन्सर बसलाय, आणि तिथेच हात अडतो.

कोपऱ्यावरचा बॅटरीवाला म्हणतो, "साधी टाका साहेब, काही होत नाही." मला पटत नाही. मूळची ईएफबी आहे, म्हणजे स्टार्ट-स्टॉपसाठीच बनवलेली, साधीपेक्षा दणकट. दर सिग्नलला इंजिन चालू करायचं तर साधी कितीशी टिकणार? तिच्याहून वरचढ अशी एजीएमही चालेल, पण किंमत ऐकून सौ. म्हणाली, रिक्षाने फिरू. तेव्हा ईएफबीच.

ज्यांनी घरी बदलली त्यांना विचारतो: नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागली, की सेन्सर दोन-चार दिवसांत आपला आपण सावरला? आणि बॅटरी काढल्यावर काचांचं सेटिंग पुसू नये म्हणून ओबीडीतून (स्कॅनर लावायच्या सॉकेटमधून) १२ व्होल्ट देत ठेवले, तर सोडलेल्या पॉझिटिव्ह क्लॅम्पमध्येही करंट राहतो. पाना बॉडीला टेकला की ठिणगी! तुम्ही त्या क्लॅम्पला रबरी हातमोजा गुंडाळता की आणखी काही? रविवारी सकाळी बसायचा विचार आहे.