कुकीज आणि साइट डेटा : सरसकट पुसावा की निवडून ठेवावा? (सल्ला हवा)

चौकस :
नमस्कार. महिनाअखेरीस ब्राउझरमधील सर्व कुकीज पुसून टाकण्याची सवय मी बरीच वर्षे पाळत आले आहे. गेल्या आठवड्यात तिचा फटका बसला. एका संकेतस्थळावर लिहीत असलेला मसुदा, त्या वेळी इंटरनेट बंद असल्यामुळे सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि तो कुकीजबरोबर कायमचा गेला. शिवाय प्रत्येक वेळी नव्याने लॉगिन, ओटीपी आणि संमतीच्या त्याच त्या पाट्या असतातच. पुसले नाही, तर एकदाच उघडलेल्या शेकडो संकेतस्थळांचा साठा मागे राहतो. मी फायरफॉक्स वापरते. घरातल्या दुसऱ्या संगणकावर क्रोम आहे. यातून मधला मार्ग कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दीपमाळ :
आपला मसुदा कुकीमध्ये, म्हणजे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीत, नव्हता. तो तिच्यात मावलाही नसता, कारण एका कुकीची मर्यादा साधारण ४ किलोबाइट असते. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू माँटुली यांनी कुकीची कल्पना आणली, ती मुळात ‘मघाशी आला होता तोच हा ब्राउझर’ एवढी ओळख सर्व्हरला पटावी म्हणून, आणि आजही प्रत्येक विनंतीबरोबर सर्व्हरकडे जाऊन ती मुख्यतः हेच काम करते. मसुदे, ऑफलाइन वाचनासाठी उतरवलेली पाने, नकाशे असा जड ऐवज लोकल स्टोरेजमध्ये (एका संकेतस्थळाला साधारण ५ मेगाबाइट) किंवा त्याहून कितीतरी मोठ्या इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधीलच साठ्यात ठेवला जातो. कुकीला बहुधा मुदत असते आणि क्रोमने २०२२ पासून ती जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली आहे. या दुसऱ्या साठ्यावर मात्र अशी कोणतीही तारीख लिहिलेली नसते. घोटाळा असा, की ब्राउझर या सगळ्यांना ‘कुकीज अँड साइट डेटा’ या एकाच चौकटीत बसवतो आणि आपण कुकी समजून घरातले कपाटच रिकामे करतो.

कॅश, म्हणजे पाने झटपट उघडावीत म्हणून ठेवलेल्या चित्रांच्या व फाइलींच्या प्रती, ही निराळी नोंद आहे. ती पुसल्याने लॉगिन जात नाही, केवळ पाने पहिल्यांदा थोडी सावकाश उघडतात. साठवलेले पासवर्डही वेगळेच असतात.

उंबरठा :
माझा सल्ला असा, की पुसण्याची यादी करूच नये, राखण्याची करावी. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली, ब्राउझर बंद करताना कुकीज आणि साइट डेटा पुसण्याचा पर्याय निवडावा आणि शेजारच्या ‘मॅनेज एक्सेप्शन्स’मध्ये रोजच्या वापरातील आठ-दहा पत्ते ‘अलाउ’ म्हणून नोंदवावेत. लॉगिनचे पान वेगळ्या पत्त्यावर असेल, तर तोही नोंदवावा लागतो. बहुतेकांची यादी इथेच फसते आणि मग दोष फायरफॉक्सला दिला जातो. क्रोममध्ये हीच सोय साइट सेटिंग्जमधील ‘ऑन-डिव्हाइस साइट डेटा’ या भागात आहे. नावे आणि जागा आवृत्तीगणिक थोड्याफार बदलतात, तेव्हा सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘साइट डेटा’ टंकणे सर्वांत सोपे.

पहिल्यांदा ही सोय चालू करण्यापूर्वी मसुदे असलेली संकेतस्थळे इंटरनेट चालू असताना एकदा उघडून, सर्व काही जतन झाल्याची खात्री करावी.

काठावरचा :
एवढा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का? माग काढणाऱ्या जाहिरातदारांचीच चिंता असेल, तर तृतीय पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांनी ठेवलेल्या, कुकीज अडवणे पुरेसे आहे. फायरफॉक्स २०२२ पासून मूळ मांडणीतच प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवतो, त्यामुळे एका ठिकाणची ओळख दुसरीकडे सहजासहजी वापरता येत नाही. क्रोममध्ये मात्र ही अडवणूक आपण स्वतः चालू करावी, कारण त्या कुकीज काढून टाकण्याची घोषित योजना गूगलने २०२४ मध्ये मागे घेतली.

दीपमाळ :
@काठावरचा, जाहिरातींपुरते आपले म्हणणे मान्य आहे. पण त्याने संगणकावर साचलेला साठा कमी होत नाही, आणि एकाच संगणकावर अनेक माणसे बसत असतील, तर उघडे राहिलेले लॉगिन हाच मोठा धोका असतो. या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : ‘जिथे सोडले तिथून पुढे चालू ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय निवडलेला असल्यास, खिडकी मिटताच संपायला हव्या अशा तात्पुरत्या कुकीजही दुसऱ्या दिवशी जिवंत होतात.

पाऊलखूण :
सफारी वापरणाऱ्यांसाठी थोडेसे. तिथे काहीही न पुसता मसुदा जाऊ शकतो. २०२० पासून, सफारीच्या वापराचे ७ दिवस एखाद्या संकेतस्थळाकडे आपण फिरकलो नाही, तर त्याने स्क्रिप्टद्वारे (पानातील प्रोग्रॅममार्फत) ठेवलेला साठा सफारी स्वतःच काढून टाकते.

चौकस :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंबरठा यांच्या पद्धतीने नऊ पत्त्यांची यादी केली आहे. लॉगिनचा वेगळा पत्ता दोन ठिकाणी खरोखरच निघाला. एक शंका उरते. काही संकेतस्थळे ‘कायमस्वरूपी साठवणुकी’ची परवानगी मागतात. ती दिल्यास माझा मसुदा सुरक्षित राहील का?

उंबरठा :
निम्माच. डिस्कवरील जागा कमी पडू लागली, की ब्राउझर बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या संकेतस्थळांचा साठा आपणहून काढतो. ही परवानगी त्या कात्रीतून वाचवते. फायरफॉक्स ती आपल्याला विचारतो, क्रोम आपल्या वापरावरून परस्पर ठरवतो. आपण स्वतः पुसायला निघालो, तर मात्र ती परवानगी आड येत नाही. म्हणून मसुद्याचे ते संकेतस्थळही यादीत दहावे म्हणून घालावे.

चौकस :
घातले.