छात्राध्यापकाला तंत्रज्ञान वापरून शिकवता येतं का, हे प्रश्नावलीनं कळतं का? बी.एड.च्या छात्राध्यापकांना मापन, सरावपाठ आणि भूमिती शिकवणाऱ्या तिघांची ही चर्चा.

मापन: बी.एड.ला आयसीटी (माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान) हा विषय आहे, पण ते वर्गात वापरता येतं का हे आपण छात्राध्यापकालाच विचारतो. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ साली टीपॅक मांडलं: विषय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान यांचं ज्ञान एकमेकांत मिसळलेलं हवं. त्यावर बेतलेल्या प्रश्नावल्यांत 'मी घटकाला योग्य तंत्रज्ञान निवडू शकतो' अशी विधानं आणि पुढे पाच पर्याय असतात. 'पूर्ण सहमत'वर खूण केली की फक्त आत्मविश्वास मोजला जातो. गुण पाठ पाहूनच द्यावेत.

सरावपाठ: हिशेब करा. ५० जणांची तुकडी, प्रत्येकाचे दोन पाठ, दोन निरीक्षक, टाचण (पाठाचं लेखी नियोजन) आणि पाठोत्तर चर्चेसह प्रत्येकाचा एक तास. झाले २०० तास. शिवाय सरावशाळेत प्रोजेक्टर एकच, तोही मुख्याध्यापकांच्या कपाटात. अशा पाठात मोजली जाते ती शाळेची सोय. प्रश्नावली वीस मिनिटांत भरून होते. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी दिली की तुकडी किती पुढे सरकली ते दिसतं.

मापन: तिथंच ती फसते. सुरुवातीला पीपीटी जमली की तंत्रज्ञान जमलं असं वाटतं, म्हणून गुण चढे. वर्षभर शिकल्यावर आपल्याला काय येत नाही ते कळतं आणि तोच माणूस स्वतःला कमी गुण देतो. प्रगती झालेली असते, आकडा मात्र घसरलेला.

भूमिती: शाळेच्या सोयीचा मुद्दा खरा आहे, म्हणून आधी टाचण तपासा. हॅरिस, ग्रँडजेनेट आणि हॉफर यांची २०१० सालची टाचणासाठीची रुब्रिक (गुण देण्याचा निकषतक्ता) आहे: चार निकष, चार पातळ्या. नववीचं दूरस्थ आंतरकोनांचं प्रमेय घ्या: त्रिकोणाचा बाह्यकोन म्हणजे त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांची बेरीज. जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती नुसती दाखवली तर खालची पातळी. मुलांनी आधी बाह्यकोनाचा अंदाज वहीत लिहिला, मग शिरोबिंदू ओढून पडताळला, तर वरची. आणि एक हमखास अडचण विचाराच: पडद्यावर ५०.३३ आणि ६०.३३, पण बाह्यकोन ११०.६७! आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित झालेत, प्रमेय चुकलेलं नाही, हे मुलांना कसं सांगणार? तिन्ही ज्ञानं एकत्र आहेत का, ते या उत्तरात दिसतं.

सरावपाठ: टाचणं वरच्या तुकडीकडून उतरवून घेतात. रुब्रिक कागदाला गुण देईल.

भूमिती: म्हणून टाचणावर दहा मिनिटांची तोंडी. हाच घटक वीज नसताना कसा घ्याल? हेच साधन का, दुसरं का नाही? उतरवलेलं टाचण पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं. ५० जणांना आठ तास वीस मिनिटं लागतील.

सरावपाठ: तोंडीला दोन परीक्षकांचे गुण जुळतील? एकाला पीपीटीचे रंगच भावतात.

मापन: आधी चित्रित केलेले पाच पाठ दोघांनी स्वतंत्र तपासावेत. दोन पातळ्यांचा फरक पडला तर त्या निकषाची भाषा बदलायची, मगच खरी परीक्षा. प्रश्नावली ठेवायची तर ठेवा, पण गुणपत्रिकेत तिचा एकही गुण नको.

सरावपाठ: गुण नकोत, मान्य. पण तुकडीला जिओजेब्रा शिकवायचं की आधी फाइल सेव्ह करायला, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावं लागतं. तेव्हा हातात टाचण नसतं. प्रश्नावली असते.