दोन कुत्रे एकटीने फिरवायचे आहेत, पट्टा कोणता घ्यावा? (गुहागर, बजेट १५००)

गुहागरवाली
नमस्कार मंडळी. घरात दोन आहेत. बंड्या, लॅब्रॅडॉर, साडेतीन वर्षांचा, ३४ किलो. चिंगी, गावठी, १३ किलो, गेल्या पावसाळ्यात पडवीत येऊन बसली ती गेलीच नाही. आजवर हे बंड्याला धरायचे आणि मी चिंगीला. आता ह्यांची बदली पनवेलला झाली, घरी येतात शनिवारी. म्हणजे सकाळी साडेसहाला दोन्ही पट्टे माझ्याच हातात. वरच्या पाटाकडून (गावातली वस्ती) निघून किनाऱ्यावर उतरायचं आणि परत, एवढाच फेरा. पण बंड्या ओढतो मासळीच्या वासाला, चिंगी ओढते मांजरामागे, आणि मधे मी, मारुतीने छाती फाडावी तशी. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. एका मुठीत दोघं अडकवता येतात असा जोडपट्टा (कपलर म्हणतात) मिळतो असं ऐकलं. घ्यावा का? की दोन वेगळे? बजेट १५००, दोघांचं मिळून. कृपया अनुभव असेल त्यांनीच लिहावं.

पुणेरी_शेपूट
१५०० मध्ये एका कुत्र्याचंसुद्धा धड काही येत नाही. माझ्या दोन्ही हस्कींना प्रत्येकी ४८०० चे हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीवर बसणारे पट्टे) घेतले, पाच वर्षांत टाका उसवलेला नाही. स्वस्तातलं घ्याल तर दोनदा घ्याल.

गुहागरवाली
दादा, १५०० दोघांचे मिळून लिहिलंय.

पुणेरी_शेपूट
वाचलं. तरीही ४८०० च घ्या.

कातळकर
काहीही घ्या, पण तो बटण दाबलं की आपोआप गुंडाळणारा पट्टा घेऊ नका. भाट्याच्या पुळणीवर माझ्या हातात तसे दोन होते. समोर कुणाचं तरी कुत्रं आलं, दोघं दोन दिशांना सुटले, बारीक दोरी बोटाला वेढली आणि अनामिका मोडली. सहा आठवडे प्लास्टर. थंडीत अजून ठणकते. शिवाय तो पट्टा कायम ताणलेला असतो, त्यामुळे कुत्रा शिकतो काय, तर ओढलं की दोरी मिळते! ठरावीक लांबीचा पट्टा घ्या आणि तो मनगटाला, बोटांना कधीही गुंडाळू नका. कडं अंगठ्यात अडकवायचं आणि वरून मूठ. हात सुटला तर कुत्रा जाईल, बोट तरी राहील.

माड_आणि_मी
अगो बाय, पट्टो कित्याक इकत घेतंस? माझे दोन आसत, वाघ्या नि मोती. पट्टो म्हंजे काय ता तेंका म्हायतच नाय. सकाळी मी रापणीक (मासे धरूक) जातंय, ते माझ्या फाटसून येतत. कुत्र्याक बांधून फिरवचा म्हंजे होडी रस्त्यावरसून व्हडूची.

आंजर्लेकर
वरचा सल्ला कृपया घेऊ नका. थंडीत आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वेळास, आंजर्ले आणि ताईंचं गुहागरही त्यातच. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी आणि पिल्लं निघायला साधारण ४५ ते ६० दिवस. तेवढ्या दिवसांत एक मोकळा कुत्रा वास काढत आला की संपलं. वेळासला २००२ पासून लोक घरटी राखतायत ते उगाच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे.

माड_आणि_मी
आमचे कुत्रे अंडी खायत नाय. बांगडे खातत.

आंजर्लेकर
बांगडे खातात तसा मग केंड मासाही खातील. जाळ्यातून काढून वाळूत फेकलेला केंड मेला तरी विषारीच असतो. एक लचका पुरतो.

माड_आणि_मी
केंड आमचो कुत्रो वळाखता. तुमचो वळाखना नसात.

दोन_शेपट्या
मुद्द्यावर येऊ या का? मी अलिबागला बारा वर्षं जोडीने कुत्रे फिरवतोय, सध्याची दुसरी जोडी.

ताई, पट्टा हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की दोघांतला प्रत्येक जण *एकटा* असताना सैल पट्ट्याने चालतो का? नसेल तर दोन ओढणारे एकत्र केल्याने ओढ निम्मी होत नाही, दुप्पट होते, कारण एकाने मान वळवली की दुसरा काय आहे ते न बघताच धावतो. म्हणून पंधरा दिवस वेगवेगळं फिरवा. ओढलं की थांबायचं, झाडासारखं. पट्टा सैल झाला की पुढचं पाऊल. खाऊ द्यायचा तर उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. सुकट देऊ नका, मीठ फार असतं. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत घराचं फाटकसुद्धा ओलांडणार नाही. शेजारी हसतील. हसू द्या.

जोडपट्ट्याबद्दल स्पष्ट सांगतो, नको. ३४ आणि १३. मोठा धावला की छोटी फरफटते. तो सारख्या वजनाच्या, सारख्या चालीच्या जोडीसाठी असतो. दोन वेगळे पट्टे, वेगळ्या रंगांचे घ्या, म्हणजे गुंता झाला तर कुठला कुणाचा ते कळतं. मोठ्याचा चार फुटी, छोटीचा सहा फुटी. दोघं एकाच बाजूला चालवा. डावीउजवीकडे ठेवले तर मांजर दिसताच दोघं तुमच्या पुढून आडवे येतात आणि तुम्ही गाठोडं होता. बंड्याला छातीवर कडी असलेला हार्नेस, चारशे ते सातशेत येतो. कमरेला बांधायच्या पट्ट्याचा मोह तुम्ही तरी टाळा, त्या गुडघ्याने ३४ किलोचा हिसका घेऊ नका.

आणि हूक पितळी किंवा स्टेनलेस बघा. चकचकीत मुलामा दिलेला लोखंडी हूक आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात जाम होतो. तो जाम झाला की कुत्रा बांधलेला दिसतो, पण नसतो.

बैलगाडी
हार्नेसबद्दल असहमत. बैलाच्या खांद्यावर जू ठेवलं की तो काय करतो? ओढतो. कुत्र्याच्या छातीवर पट्टा आला की तोही तेच करणार. गळपट्टाच बरा.

दोन_शेपट्या
कडी पाठीवर असेल तर तुमचं बरोबर. मी छातीवरची कडी म्हटलं. जोर लावला की कुत्रा पुढे जात नाही, तुमच्याकडे वळतो. बैलाचं जू उलटं घालून बघा, मग बोलू.

बैलगाडी
बैल कधी पाळलाय का तुम्ही?

दोन_शेपट्या
नाही.

बैलगाडी
झालं तर मग.

आंबाबर्फी
एक विचारू का, राग मानू नका काकू. ३४ किलोचा लॅब जाड नाही का? आमचा २९ होता. भाकरी बंद करा.

गुहागरवाली
फासळ्या हाताला लागतात त्याच्या, उंच आहे तो. आणि काकू नको, ताई चालेल.

आंबाबर्फी
बरं ताई. खरा प्रश्न जून ते सप्टेंबरचा आहे. दोन पट्टे आणि छत्री, हात किती? मी छत्री मानेत दाबून चालायचे, मानेचा पट्टा लागला तो मलाच!

कातळकर
इरलं घ्या. दोन्ही हात मोकळे.

आंबाबर्फी
इरलं विणणारं कुणी उरलंय का आता? आमच्याकडे निळं प्लॅस्टिक पांघरतात. त्याच्या फडफडीला कुत्रे घाबरतात.

कातळकर
छत्री मात्र हाताशी ठेवा. अंगावर भटके धावून आले तर त्यांच्या तोंडासमोर फटकन उघडायची, निम्मे जागीच थबकतात. आपल्या कुत्र्यांना आधी घरी चार वेळा उघडून दाखवा, नाहीतर आपलेच पहिले पळतील. आणि ताई, अंधार पडल्यावर कातळावर नेऊ नका. फुरसं (विषारी साप) छोटंसं असतं, दगडाच्या रंगाचं, आणि कुत्रा आधी नाक घालतो.

कोरा_चहा
सगळा धागा वाचला नाही. पण एक सांगावंसं वाटतं, आपोआप गुंडाळणारा पट्टा चुकूनही घेऊ नका, बोट तुटतं.

कातळकर
ते बोट माझंच आहे हो. वर.

पुणेरी_शेपूट
ताई, मग ४८०० वाला ठरला का? सध्या सूट आहे.

आंजर्लेकर
पुण्यात दोन हस्की. एप्रिलमध्ये तुमच्या घरी कोण कुणाला फिरवतं?

पुणेरी_शेपूट
एसी आहे. आणि विषय तो नाही.

गुहागरवाली *(सतरा दिवसांनी)*
मंडळी, उशीर झाला. दोन_शेपट्या दादांचं ऐकून वेगवेगळं फिरवायला घेतलं. चिंगी तीन दिवसांत शिकली. बंड्याचं गाडं काही पुढे जाईना. चिंगीला घरी ठेवलं की तो फाटकाशी बसकण मारतो आणि रडतो, आणि आत ती रडते. आठव्या दिवशी शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगो, कुणी गेलं काय तुमच्याकडे?"

तेव्हा लक्षात आलं की बंड्या माझ्याकडे नाही, सारखा चिंगीकडे बघत असतो. ती वळली की वळतो, ती बसली की बसतो. म्हणून दादांनी नको म्हटलेला जोडपट्टाच केला. घेतला नाही, करून घेतला. चिपळूणच्या मोच्याकडून नायलॉनच्या निवारीचा शिवला, बंड्याची बाजू वीतभर लांब ठेवून. मधे गुरांच्या सामानाच्या दुकानातली पितळी भोवरकडी, त्यामुळे पीळ पडत नाही. मुठीतला पट्टा घरचा जुनाच. हिशेब: बंड्याचा छातीवर कडीवाला हार्नेस ६९०, चिंगीचा साधा ३४०, शिलाई १५०, भोवरकडी ६०, दोन पितळी हूक ९०. एकूण १३३०.

तिसऱ्या दिवशी दोघं विजेच्या खांबाच्या दोन बाजूंनी गेले आणि मी खांबाला मिठी मारली. बाकी नऊ दिवस बरे गेले. मांजर दिसलं की मी "चिंगी, बस" म्हणते, ती बसते आणि ३४ किलोला आपोआप ब्रेक लागतो.

दोन_शेपट्या
लिहून ठेवा, एक दिवस ती बसायच्या आत तो सुटेल आणि तिच्या मानेला हिसका बसेल.

गुहागरवाली
म्हणूनच तिलाही हार्नेस घातलाय दादा, गळ्यात काही नाही. तरी लक्ष ठेवते. डिसेंबर लागला की किनाऱ्याऐवजी खालच्या पाटाच्या रस्त्याने नेणार, आंजर्लेकरांसाठी.

आंजर्लेकर
कासवांसाठी हो, माझ्यासाठी नाही. पण धन्यवाद.

बैलगाडी
भोवरकडी गुरांच्याच दुकानात मिळाली ना शेवटी?

आंबाबर्फी
फोटो टाका ना. आणि वजन?

गुहागरवाली
साडेतेहतीस.

पुणेरी_शेपूट
१३३० मध्ये मोच्याचं काम सहा महिने टिकलं तर सांगा.

माड_आणि_मी
बाय, त्या मोच्याचो पत्तो दी गो. कुत्र्याक नको, म्हशीक व्हयो.