आजोबांच्या रॅले सायकलचा डावा कप कुठे मिळेल? (इंदूर)

रामबागचा_पोहेवाला:
नमस्कार मंडळी. आजोबांची रॅले आहे, बॅजवर नॉटिंगहॅम लिहिलंय, मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, एडब्ल्यू हे मॉडेल आणि 52 असं कोरलंय. आजोबा तिच्यावर मिलमध्ये जायचे, मग बाबांनी चालवली, नंतर वीसेक वर्षं जिन्याखाली रद्दीमागे पडून होती. दिवाळीच्या साफसफाईत काढली तर चाकं फिरतात, थ्री स्पीडचा खटका पण लागतो, फक्त पायडल मारलं की खालून कटकट. मिस्त्रीने खोललं तर डावा कप, म्हणजे पायडलच्या दांड्याचे छर्रे ज्यात फिरतात ती वाटी, आतून असा खाल्लेला की नख अडकतं. नवीन कप लावून बघितला तर दीड फेरा गेला आणि जाम. तो म्हणे मोठा पाना आणतो, जाणार कसा नाही, मी म्हटलं भिया राहू दे, आणि तशीच उचलून घरी आणली. सियागंज झालं, लोहामंडी झाली, सगळे हात वर करतात. पूर्वी असला माल पोत्यांनी पडलेला असायचा ना? गेला कुठे?

जुनाट_अण्णा:
पाना आणू दिला नाहीस, फ्रेम वाचली. रॅलेचे आटे वेगळे असतात रे, इंचाला 26. बाकी बहुतेक ठिकाणी 24 चालतात, दुकानातला कप 24 चा, म्हणून थोडा जातो आणि अडकतो. जोर केला असता तर कपाचं काही झालं नसतं, शेलचे, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत कप बसतो तिचे, आटे गेले असते. फोर्कच्या कपाचंही तेच, तिथेही 26, तो कोणाला बदलू देऊ नको.
आटे मोजायचं गेज नसेल तर एक सोपी गोष्ट कर. तुझा एडब्ल्यू हब स्टर्मी-आर्चर कंपनीचा, त्याच्या एक्सलचे आटे पण 26 चेच आहेत. कोणताही कप मिळाला की त्याचे बाहेरचे आटे एक्सलच्या आट्यांवर टेकव आणि उजेडाकडे धरून बघ. दात दातात बसले, मधून उजेड दिसला नाही, तर तो तुझा. पुढे पुढे सरकत फट दिसायला लागली तर परत देऊन ये.
52 म्हणजे हब 1952 चा. फ्रेम त्याच सालची असेलच असं नाही, हब बदललेला पण असू शकतो. गिअर घसरत असेल तर घाबरू नको, बहुतेक वेळा केबल ढिली असते. हबमध्ये तेलाचे थेंब सोड, ग्रीस भरू नको.

लष्करवाले:
अण्णांशी सहमत. माल कुठे गेला ते मी सांगतो, कॅफेच्या भिंतीवर! आमच्या ग्वाल्हेरात एका ठिकाणी चहा प्यायला गेलो तर वर रॅलेचा चेनव्हील, तो बगळ्याच्या डोक्यांचा, सोनेरी रंग मारून घड्याळ केलेलं. माझ्या घशाखाली चहा उतरेना. आणि कबाडी आता मोबाईलवर फोटो बघून भाव सांगतो, गंजक्या घंटीला पण अँटिक म्हणतो. गंमत बघा, 28 बाय दीडचा टायर हवा तर आजही लुधियानाचा नवा मिळतो, रॉड ब्रेकचं सामान मिळतं, परदेशातले शौकीन त्यासाठी तरसतात. आपल्याकडे अडतं ते अशा मुठीत मावणाऱ्या वस्तूंवर. एडब्ल्यूचं तरी बरं आहे, स्टर्मी-आर्चर 2000 साली तैवानच्या सनरेसने घेतली आणि त्याच जातीचे थ्री स्पीड हब अजून बनतात, आतले काही पार्ट नवे चालून जातात.

मालवा_मिलची_सून:
पोत्यातला माल मीच विकला, आता शिव्या घाला. सासऱ्यांचं सायकलचं दुकान होतं, मिलची पाळी सुटली की दुकानासमोर ओळ लागायची, पंचर, छर्रे, कॉटर, नुसता आवाज. मग मिल्स एकेक करून गेल्या, 1991 ला हुकुमचंद बंद झाली आणि संध्याकाळची ती ओळच संपली. सासरे तरी बरीच वर्षं दुकान उघडून बसायचे. ते गेल्यावर चार पोती किलोच्या भावाने दिली, कोणाला माहीत होतं असं काही! पण त्यांचा बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा मी ठेवलाय, बिल्ले, कॉटर, व्हॉल्व्ह असलं काय काय आहे. तुमचं वाचून आत्ता उघडला. तेलकट कागदात दोन कप निघाले, कागदावर सासऱ्यांच्या अक्षरात "रॅले" एवढंच. एकाला कॉलर आहे, एकाला नाही.

जुनाट_अण्णा:
ताई, कॉलरवाला उजवा, त्याचे आटे उलटे, तो त्याच्या कामाचा नाही. बिनकॉलरचा डावा. आतली वाट गुळगुळीत आहे का, बोट फिरवून बघा.

मालवा_मिलची_सून:
आरशासारखी आहे. वापरलेलाच नाही बहुतेक.

रामबागचा_पोहेवाला:
काकू मी शनिवारी येऊ का? मागचं चाक रिक्षात घालून आणतो, तुमच्यासमोरच एक्सलला लावून बघू. पाव इंची छर्रे डावीकडचे अकरा नवे घेऊनच येतो. दोन्ही कपांचे पैसे देणार, कॉलरवाला पण हवाय मला.

मालवा_मिलची_सून:
पैसे राहू दे. येताना सायकलच आण, बघायचीय. आणि अकराच्या आधी ये, मग मला रामबागेतच भजनाला जायचं असतं.